पोटातल्या बॅक्टेरियाचा रिपोर्ट हातात आला की तो वाचायचा कसा

हल्ली बेळगावात पण हे मायक्रोबायोम टेस्टचं (मायक्रोबायोम म्हणजे पोटातले सगळे बॅक्टेरिया मिळून) सुरू झालंय. पूर्वी शुगर, बीपी, थायरॉईड एवढ्यावर भागायचं, आता ऑनलाईन किट मागवायचं, संडासचं सॅम्पल नळीत घालून कुरिअर करायचं आणि काही आठवड्यांनी मोबाईलवर भलीमोठी रंगीत पीडीएफ येते, ती लगेच फॅमिली ग्रुपवर, आणि खाली मामांचा मेसेज, "हे लाल काय हाय बघ की रे जरा, काय वाईट नाही न्हवं?" मी मायक्रोबायोलॉजीवाला, म्हणून खानापूरपासून निपाणीपर्यंतचे पाव्हणे आपापले रिपोर्ट मलाच पाठवतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो, लागेल त्याने वाचावं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कंपनीने दिलेले लाल-हिरवे रंग आणि तो शंभरपैकी स्कोअर बाजूला ठेवा. बॅक्टेरियाच्या प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारायचे: हा खातो काय, खाऊन सोडतो काय, आणि राहतो कुठे. ह्या तीन उत्तरांवरून नव्वद टक्के रिपोर्ट आपोआप कळतो. 'चांगले बॅक्टेरिया' आणि 'वाईट बॅक्टेरिया' अशा दोन याद्या करून जो रिपोर्ट वाचतो त्याची फजिती ठरलेली, कारण एकच बॅक्टेरिया एकाच्या पोटात कामाचा आणि दुसऱ्याच्या पोटात उपद्व्यापी असू शकतो.

सॅम्पल द्यायच्या आधी

रिपोर्ट आधीच आला असेल तरी हे वाचा, कारण अर्धे घोळ इथंच होतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जाऊन आलात, दोन दिवस बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं आणि त्याच आठवड्यात सॅम्पल दिलं, तर रिपोर्टमध्ये जत्रा दिसणार, तुम्ही नाही. जुलाब लागले असताना अन्न आतड्यातून भराभर निघून जातं, त्यामुळे सावकाश वाढणारे बॅक्टेरिया कमी दिसतात आणि भराभर वाढणारे जास्त. बद्धकोष्ठात बरोबर उलटं. संडास किती घट्ट किती पातळ ह्याचा एक तक्ता आहे, ब्रिस्टल चार्ट म्हणतात, १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखं सुटं सुटं आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. सॅम्पल दिलं त्या दिवशी आपला नंबर किती होता तो कागदावर लिहून ठेवा. ३-४ असेल तर रिपोर्टवर जरा भरवसा ठेवता येतो. ६-७ असेल तर आधी पोट ठीक होऊ द्या.

अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर निदान महिनाभर थांबा, जास्त थांबलात तर अजून बरं. आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी करून ठेवा, ही फार कामाला येते. आपल्याकडे चाळिशीनंतर दर दुसऱ्या घरात शुगरचं मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल असतंच. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या पोटात एश्चेरिशिया (ई. कोलायचं घराणं) वाढलेला दिसतो, हे डायबेटीसमुळे नाही तर गोळीमुळे, २०१५ च्या सुमाराला संशोधकांनी हे वेगळं करून दाखवलं. पॅन्टोप्राझोलसारख्या अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या की जठरातलं अ‍ॅसिडचं कुंपणच खाली येतं आणि तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस वगैरे खाली आतड्यात जाऊन बसतात. रिपोर्टमध्ये हे दोन्ही लाल येणार. बॅक्टेरियाचा त्यात काय दोष!

सॅम्पल घेताना संडासच्या भांड्यातलं पाणी, फिनेल, लघवी काही लागू द्यायचं नाही. भांड्यावर कागद पसरून त्यावर घ्या, काडीने मधल्या भागातलं उचला, किटवर लिहिलंय तेवढंच, जास्त घातलं म्हणून रिपोर्ट जास्त चांगला येत नाही. नळीत पातळ द्रव आहे का बघा. तो बॅक्टेरियाची वाढ थांबवून डीएनए टिकवतो. नुसती कोरडी डबी असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत त्या डबीत ई. कोलायच्या घराण्याची पैदास सुरू होते आणि तीच पुढे 'तुमच्या पोटात' म्हणून छापून येते. झाकण लावून नळी चांगली हलवा, तारीख घाला, आणि शनिवारी दुपारी कुरिअर करू नका.

पहिलं पान: टेस्ट कोणत्या पद्धतीने केलीय

बारीक अक्षरात कुठंतरी लिहिलेलं असतं, शोधा. मुख्य दोन पद्धती असतात.

एक, १६ एस सिक्वेन्सिंग. सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं. प्रत्येक बॅक्टेरियात १६ एस आरआरएनए नावाचा एक जीन असतो, साधारण १५०० अक्षरांचा. त्यातला काही भाग सगळ्यांत जवळजवळ सारखा आणि मधेमधे नऊ ठिकाणी बदलता. ह्या जीनवरून जीवांची वंशावळ लावायची आयडिया कार्ल वूझ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९७७ सालची. बहुतेक स्वस्तातल्या टेस्टमध्ये ह्या नऊपैकी एक-दोनच तुकडे वाचतात, सहसा तिसरा आणि चौथा. त्यामुळे काय होतं, बॅक्टेरियाचं घराणं कळतं पण नेमका माणूस कळत नाही. येळ्ळूरला जाऊन नुसतं "पाटलांचं घर कुठं ओ" विचारल्यासारखं आहे ते, समोरचा म्हणणार कुठले पाटील? बॅक्टेरियाच्या दोन शब्दांच्या नावात पहिला शब्द आडनाव आणि दुसरा त्याचं स्वतःचं नाव. १६ एस रिपोर्ट आडनावापर्यंत बरोबर असतो, दुसऱ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका.

दुसरी पद्धत शॉटगन मेटाजीनोमिक्स. ह्यात सॅम्पलमधला सगळाच डीएनए तुकडे करून वाचतात, मग कॉम्प्युटरवर जुळवतात. महाग पडते, पण दुसऱ्या शब्दापर्यंत, कधी कधी त्याच्याही खाली स्ट्रेनपर्यंत (म्हणजे एकाच नावातले पोटप्रकार) कळतं, आणि कोणते जीन आहेत म्हणजे हे लोक काय काय बनवू शकतात तेही दिसतं. वाचताना लक्षात ठेवा, बनवू शकतात हे दिसतं, बनवतायत का ते नाही.

तिसरा प्रकार आपल्या नेहमीच्या लॅबमधला, स्टूल कल्चर. डॉक्टर जुलाबासाठी सांगतात तो. तिथं प्लेटवर बॅक्टेरिया वाढवून साल्मोनेला, शिगेला असले रोगाचे जंतू शोधतात. मॅकॉन्की अगरवर (जंतू वाढवायची एक जेली) ई. कोलाय गुलाबी वाढतो, कारण तो लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फोडून अ‍ॅसिड करतो, साल्मोनेला-शिगेला लॅक्टोजला हात लावत नाहीत म्हणून फिकट राहतात. झटपट आणि कामाची टेस्ट, पण आतड्यातले बहुतेक बॅक्टेरिया हवा लागली की मरतात, ते ह्या प्लेटवर उगवतच नाहीत. म्हणून 'कल्चर नॉर्मल आलं' म्हणजे मायक्रोबायोम छान आहे असं नाही, आणि मायक्रोबायोमची पीडीएफ म्हणजे जुलाबाची तपासणी पण नाही.

इथं एक नाव मुद्दाम सांगतो कारण ह्याच्यावरून मला सगळ्यात जास्त फोन येतात. रिपोर्टमध्ये 'एश्चेरिशिया-शिगेला' असं जोडनाव दिसतं. शिगेला म्हणजे रक्ती आव, हे गूगल केलं की लगेच सापडतं, मग घाम फुटतो. अरे बाबांनो, त्या दोघांचा १६ एस जीन इतका सारखा आहे की मशीनला फरक करता येत नाही म्हणून दोघांची नावं एकत्र छापतात. तुम्हाला ताप नाही, रक्त पडत नाही, कळा येत नाहीत, तर तो नेहमीचा ई. कोलाय आहे. थिओडोर एशेरिश ह्या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये लहान बाळांच्या शीमध्ये शोधलेला, सगळ्यांच्या पोटात असतो, तब्येत बरी असली की साधारण एक टक्क्याच्या आतच. आलेला थोडाफार ऑक्सिजन खाऊन टाकतो, व्हिटॅमिन के बनवतो. एक ई. कोलाय तर औषध म्हणून विकतात. पहिल्या महायुद्धात आजूबाजूच्या लोकांना जुलाब लागले तरी एका सैनिकाला काहीच झालं नाही, त्याच्या पोटातून आल्फ्रेड निसले ह्यांनी १९१७ मध्ये तो वेगळा काढला. दुसरीकडे त्याच आडनावाचे, त्याच नावाचे काही स्ट्रेन किडनी खराब करतात. म्हणून म्हटलं, यादी करून भागत नाही.

नावं बदललीत, दचकू नका

जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला तर निम्मे बॅक्टेरिया गायब आणि निम्मे नवीन आल्यासारखे वाटतात. लॅक्टोबॅसिलस हे मोठं घराणं २०२० मध्ये फोडून त्याची पंचवीस केली, त्यामुळे लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम आता लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस प्लॅन्टारम आणि रॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस. २०२१ ला वरच्या मोठ्या गटांचीही नावं बदलली, फर्मिक्यूट्सचं बॅसिलोटा, बॅक्टेरॉइडिटीसचं बॅक्टेरॉइडोटा, प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा. प्रीव्होटेला कोप्री आता सेगाटेला कोप्री. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलचं क्लॉस्ट्रिडिऑइडिस तर २०१६ पासूनच. शेपटीवरचा शब्द बहुतेक वेळा तसाच राहतो, त्यावरून ओळख पटते.

आता एकेक नाव

आपल्या भागातल्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वरती बहुतेक प्रीव्होटेला असतो, आणि तोच लाल असतो! चिकोडीच्या मावशींचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे, त्यात प्रीव्होटेला चाळीस टक्क्यांच्या वर आणि शेजारी लाल त्रिकोण, 'असंतुलन'. मावशी दोन्ही वेळा जोंधळ्याची भाकरी खातात, आमटी, पालेभाजी, शेंगाची चटणी, मटण सणावारी. आता तीन प्रश्न विचारा. खातो काय, तर धान्याच्या कोंड्यातले, भाजीपाल्यातले गुंतागुंतीचे कार्बोहायड्रेट. सोडतो काय, मुख्यतः अ‍ॅसिटेट, सक्सिनेट असली छोटी अ‍ॅसिड. राहतो कुठे, मोठ्या आतड्यात. म्हणजे भाकरी खाणाऱ्या बाईच्या पोटात भाकरी खाणारा बॅक्टेरिया आहे. ह्यात असंतुलन कुठलं? भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांत हे वारंवार दिसलंय की आपल्या लोकांत प्रीव्होटेला जास्त, बॅक्टेरॉइडिस कमी. मग लाल का आलं, तर 'नॉर्मल' ठरवताना ज्यांचे सॅम्पल घेतले ते बहुतेक अमेरिका-युरोपातले. तिथल्या चीज-मांस-ब्रेडच्या जेवणावर बॅक्टेरॉइडिस जास्त असतो. आपल्या लोकांचं मोजमाप आपल्याच लोकांशी लावायला पाहिजे, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या मायक्रोबायोमवर बरीच वर्षं काम चाललंय ते ह्यासाठीच. रिपोर्टमध्ये तुलना कुठल्या लोकांशी केलीय हे लिहिलं नसेल तर कंपनीला मेल टाकून विचारा.

पण प्रीव्होटेला म्हणजे संत आहे असंही नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नवीनच सांधेवात झालेल्या पेशंटमध्ये प्रीव्होटेला कोप्री जास्त सापडला, आणि २०१६ च्या एका अभ्यासात त्याचा संबंध इन्शुलिन नीट काम न करण्याशी दिसला. उलट स्वीडनमध्ये २०१५ ला बार्लीचा ब्रेड खाऊन ज्यांची शुगर सुधारली त्यांच्यात प्रीव्होटेला जास्त होता. स्ट्रेन वेगळे, सोबतचं जेवण वेगळं. सकाळी बोटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले राहत असतील तर सांधेवाताच्या डॉक्टरांकडे जा, ते पीडीएफवरून नाही, दुखण्यावरून.

त्यानंतर ब्युटिरेटवाले शोधा. ही मंडळी माझ्या मते रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची. फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय, रोझबुरिया, युबॅक्टेरियम रेक्टेल ज्याला आता अगाथोबॅक्टर म्हणतात, अ‍ॅनेरोस्टाइप्स, कोप्रोकॉकस. खातात फायबर आणि दुसऱ्या बॅक्टेरियांनी टाकलेली अ‍ॅसिड, सोडतात ब्युटिरेट नावाचं छोटं अ‍ॅसिड. मोठ्या आतड्याच्या आतल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. ते मिळालं की त्या पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, आत ऑक्सिजन राहत नाही, त्यामुळे ऑक्सिजन लागणाऱ्या उपद्व्यापी लोकांना जागा मिळत नाही. ब्युटिरेट संपलं की उलटं चक्र. फीकॅलिबॅक्टेरियम तब्येत बऱ्या असलेल्या माणसात पाच टक्क्यांच्या आसपास असतो, क्रोन्ससारख्या आतड्याच्या सुजेच्या आजारात कमी झालेला दिसतो, फ्रान्समध्ये २००८ ला हे दाखवलं गेलं. हा गट सगळाच्या सगळा तळाला गेला असेल आणि पोटाच्या तक्रारी पण असतील तर ती ओळ डॉक्टरांना दाखवण्यासारखी आहे. एखादा कमी आणि बाकीचे असतील तर सोडून द्या, एकाची कामं दुसरा करतो.

रुमिनोकॉकस ब्रोमाय नावाचा एक आहे, दिसायला टक्केवारी लहान पण कामाला मोठा. हा न पचलेला स्टार्च फोडतो, म्हणजे छोट्या आतड्यातून तसाच निसटून आलेला, गार झालेल्या भातातला, बटाट्यातला, कच्च्या केळ्यातला. त्याने फोडून दिल्याशिवाय बाकीच्यांना तो स्टार्च नीट मिळतच नाही. खानापूरकडची भात खाणारी माणसं सकाळी रात्रीच्या भाताला फोडणी घालून खातात तेव्हा ह्याची चंगळ असते. फक्त रात्री भात ओट्यावर तसाच ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच, बॅसिलस सेरियस त्यात विष करून ठेवतो आणि ते विष परत गरम करून जात नाही. गार झाला की फ्रिजमध्ये.

अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला सध्या फार गाजतोय. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या वागेनिंगेनला सापडला. आतड्याच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो तोच ह्याचं अन्न. ऐकायला भीतीदायक वाटतं की हा आपलीच भिंत खातो, पण तो खातो तसा शरीर नवीन थर बनवत राहतं, आणि वजन-शुगर बरी असणाऱ्यांत हा जास्त दिसतो. २०१९ ला बेल्जियममध्ये ३२ जणांवर केलेल्या छोट्या प्रयोगात उष्णतेने मारलेला अ‍ॅकरमॅन्सिया दिल्यावर इन्शुलिनचं काम सुधारलं. मात्र पार्किन्सन्सच्या पेशंटमध्येही हा वाढलेला सापडतो. आणि जेवणात फायबर काहीच नसेल तर थर खाणारे आणि थर बनणं ह्याचा हिशेब बिघडू शकतो. रिपोर्टमध्ये शून्य आला तरी रडू नका, बऱ्याच धडधाकट लोकांत तो सापडतच नाही.

बिफिडोबॅक्टेरियम बाळांचा. आईच्या दुधात काही साखरी असतात ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत, त्या खास ह्याच्यासाठीच, तो त्या खातो, अ‍ॅसिटेट आणि लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतो, आतडं आंबट राहतं, रोगाचे जंतू टिकत नाहीत. मोठ्या माणसात कमी होतो हे नॉर्मल. मात्र दूध पिणाऱ्या पण लॅक्टोज नीट न पचणाऱ्या मोठ्या माणसात तो जास्त दिसतो, कारण न पचलेलं लॅक्टोज त्याला मिळतं.

बॅक्टेरॉइडिसचं थोडक्यात सांगतो. काय मिळेल ते खातो, फायबर नसेल तर आतड्यावरचा थर सुद्धा. त्यातला बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिसचा विष बनवणारा स्ट्रेन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी जोडला गेलाय, पण विष न बनवणारा फ्रॅजिलिस प्रतिकारशक्तीला वळण लावतो असं उंदरांत दिसलंय. १६ एस रिपोर्ट हे दोन वेगळे करू शकत नाही. तेव्हा त्यावरून कुणाला झोप उडवून घ्यायची गरज नाही.

लाल रंगात येणारे अजून काही. बायलोफिला वॉड्सवर्थिया, पित्तातल्या टॉरिनवर जगतो, हायड्रोजन सल्फाइड सोडतो, म्हणजे तो सडक्या अंड्याचा वास, तुपकट-चरबीच्या जेवणानंतर वाढतो. मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय हा बॅक्टेरियाच नाही, आर्किया आहे, म्हणजे बॅक्टेरियासारखाच सूक्ष्म पण वेगळ्या वंशाचा जीव, हायड्रोजन घेऊन मिथेन करतो, बद्धकोष्ठवाल्यांत जास्त असतो. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम मुळात तोंडातला, हिरड्यांतला, मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये सापडतो हे २०१२ पासून माहीत आहे, तो दिसला तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन हिरड्या दाखवा, आणि वय पन्नासच्या पुढे असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तपासणीचं विचारून घ्या. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल डीएनएमध्ये दिसला पण जुलाब नाहीत, तर काही करायचं नाही. अँटिबायोटिकनंतर दिवसातून तीन-चार वेळा पाण्यासारखे जुलाब होतायत, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना, तिथं त्याच्या विषाची वेगळी टेस्ट करतात.

आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी. हा जठरात राहतो, अल्सर करतो, मार्शल आणि वॉरन ह्यांना त्याचंच २००५ चं नोबेल. 'मायक्रोबायोममध्ये नाही आला म्हणजे नाही' असं समजू नका. त्याच्यासाठी श्वासाची यूरिया टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन टेस्ट वेगळी सांगावी लागते.

टक्के म्हणजे आकडा नव्हे

रिपोर्टमधले सगळे आकडे एकूणपैकी वाटा असतात. एक वाढला की बाकीचे आपोआप कमी दिसतात, प्रत्यक्षात कमी झालेले नसले तरी. माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा २०१६ चा हिशेब आहे, वजन म्हणाल तर जेमतेम पाव किलोच्या आत, जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. तुमच्यात एकूण किती आहेत हे बहुतेक रिपोर्ट सांगतच नाहीत.

शॅनन इंडेक्स म्हणून जो आकडा असतो तो विविधतेचा. साधारण ३-४ च्या आसपास बऱ्याच जणांचा येतो, पण पद्धत बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे शेजारच्या काकांच्या आकड्याशी तुलना नको. फर्मिक्यूट्स-बॅक्टेरॉइडिटीसचं गुणोत्तर, ज्यावरून 'लठ्ठपणाचा धोका' काढतात, ते पान सरळ उलटून पुढं जा. सुरुवातीच्या अभ्यासांत संबंध दिसला होता, पुढच्यांत टिकला नाही, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन मायक्रोबायोम टेस्टबद्दल जे मत दिलं त्यातही हे गुणोत्तर रिपोर्टमध्ये देऊ नये असंच म्हटलंय.

डोळ्याने बघायचं असेल तर

घरात कुणी बीएस्सीला असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये दह्याचं ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत) करायला सांगा, संडासचं नको, आणि घरी प्लेटवर जंतू वाढवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. विरजणाचं ताजं दही, लूपच्या (लॅबमधली तारेची बारीक कडी) टोकावर येईल एवढंच, पाण्याच्या थेंबात चांगलं पातळ करून काचेवर पसरा. जाड झालं की दुधातलं प्रोटीन आणि फॅट रंग धरतं आणि नुसता जांभळा चिखल दिसतो. वाळवून ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचं, क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलने दहा-पंधरा सेकंद धुवायचं, शेवटी सॅफ्रॅनिन. ऑइल टाकून शंभरच्या लेन्सखाली बघितलं की जांभळ्या दाण्यांच्या जोड्या आणि माळा दिसतात, ते लॅक्टोकॉकस-स्ट्रेप्टोकॉकस, आणि मधेमधे सरळ काड्या, त्या लॅक्टोबॅसिलसच्या घराण्यातल्या. कधी ह्या सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा लंबगोल दिसतो, तो यीस्ट. ही पद्धत मुळात १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम ह्यांनी काढली आणि थोड्या बदलांसह अजून चाललीय. दाणे आणि काड्या बघून फार तर गट कळतो, नेमकं नाव नाही, हेही तिथंच लक्षात येतं.

मग करायचं काय

आधी कंपनीने शेवटच्या पानावर सुचवलेल्या त्यांच्याच कॅप्सूल घेऊ नका, निदान लगेच तरी नको. प्रोबायोटिकवर (जिवंत बॅक्टेरिया भरलेल्या कॅप्सूल) नाव, दुसरं नाव आणि त्यापुढे स्ट्रेनचा कोड लिहिलेला नसेल तर ते कशावर चालतं हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि ते घेतले तरी बहुतेक बॅक्टेरिया पोटात कायमचे राहायला येत नाहीत, घेणं थांबलं की काही दिवसांत जातात.

जेवणाचं म्हणाल तर बेळगाव भागातलं जुनं जेवण ह्या हिशेबाने फार वाईट नाही. जोंधळा, नाचणी, हुलगे, मटकी, शेंगा, पालेभाजी. एका मोठ्या सर्व्हेत २०१८ ला दिसलं की आठवड्यात तीसच्या वर वेगवेगळ्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात जास्त विविधता असते. तीस आकडा मोठा वाटतो पण आपल्या एका आमटीतच तूर, लसूण, जिरं, मोहरी, कोथिंबीर, कडीपत्ता धरून पाच-सहा होतात. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या प्रयोगात ३६ जण होते. दही-किमचीसारखं आंबवलेलं रोज भरपूर खाणाऱ्यांची विविधता वाढली आणि सुजेची प्रोटीन कमी झाली, नुसतं फायबर वाढवणाऱ्यांची विविधता तेवढ्या आठवड्यांत वाढली नाही. म्हणून दोन्ही. नाचणीची अंबील, घरचं ताक, आंबोळी हे सगळं चालतं, पण आंबोळी तव्यावर गेली की त्यातले बॅक्टेरिया मेले, जिवंत पाहिजे असतील तर ताक. आणि अंबील शिजवून आंबवलीय का आंबवून शिजवलीय ते बघा, फरक पडतो.

हुलगे-मटकी एकदम वाढवू नका. आज वाटीभर सुरू केली की उद्या पोट फुगणार आणि परवा तुम्ही सोडून देणार. दोन-दोन चमच्यांनी वाढवा, मोड आणून, पाणी भरपूर. ज्यांना आयबीएस (सूज नसताना पोट सारखं दुखणं-बिघडणं) आहे त्यांना लसूण-कांदा-कडधान्यानेच त्रास होतो, त्यांनी आहारतज्ज्ञाला विचारून.

संडासमधून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी, ह्यातलं काहीही असेल तर मायक्रोबायोमच्या टेस्टवर पैसे घालवू नका, बेळगावात नाहीतर मिरजेला पोटाच्या डॉक्टरांना गाठा. ते कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी संडासची टेस्ट) सांगतील, एखादी रक्ताची टेस्ट, गरज वाटली तर स्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याने आतून तपासणी. जाताना ती सगळी पीडीएफ घेऊन जाऊ नका ओ, डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो. एका कागदावर लिहा: ब्रिस्टल नंबर, चालू गोळ्या, शेवटचं अँटिबायोटिक कधी, टेस्ट १६ एस का शॉटगन, आणि ब्युटिरेटवाल्यांची एक ओळ.

टेस्ट परत करायचीच असेल तर तीन महिन्यांच्या आत नको, आणि त्याच कंपनीकडून, त्याच पद्धतीने, साधारण तसंच जेवण असताना करा, कारण एकच सॅम्पल दोन कंपन्यांना पाठवलं तरी दोन वेगळे रिपोर्ट येऊ शकतात. गणपती आणि दिवाळीच्या फराळाचे दिवस टाळा.